संजीवनीबाईंचा सत्कार

सिंगापुरात, सेंगकांगच्या त्या ब्लॉकमध्ये अकराव्या मजल्याच्या गॅलरीतून एक चक्कर मारली, की कोण काय आहे ते दारातच कळतं. टॅन मावशींच्या दारापुढे लाल देव्हारा आणि त्यापुढे मांडलेली संत्री. मलय कुटुंबाच्या दारापुढे आठ चपला आणि पाखरांचे दोन पिंजरे. मधल्या दोन मराठी घरांपुढे रांगोळ्या. आणि अगदी टोकाच्या दारापुढे, संजीवनीबाई रणनवऱ्यांच्या, बाजरी.

हो, बाजरीच. तुळस नाही, त्या ख्रिस्ती. मनीप्लांट नाही, कारण ‘ते शोभेचं, त्याचा देवाला काय उपयोग?’ टेक्का बाजारातल्या भारतीय दुकानातली खायची बाजरी आणायच्या, त्यातले टपोरे दाणे निवडायच्या आणि जुलै संपता संपता कुंड्यांत पेरायच्या. साळुंक्यांनी कणसं फस्त करू नयेत म्हणून मच्छरदाणीचा तुकडा वरून बांधायचा. डासांची तपासणी करणारी माणसं आली, की कुंड्यांखालच्या बशा आधीच कोरड्या पुसून ठेवलेल्या. नगरकडे पुरुषभर उंच होणारी बाजरी इथे कमरेला लागते न लागते तोच कणीस टाकते. विषुववृत्तावर दिवस-रात्र वर्षभर सारखीच. रोपाला बिचाऱ्याला वाटतं, शरद आला! बोटभर लांबीची ती कणसं बघून लिफ्टपाशी उभे असलेले लोक हसायचे. बाईंना त्याचं काही नव्हतं. सिंगापुरात ऋतू दोनच, एक एसीतला आणि दुसरा एसीबाहेरचा. त्यात आपल्या दारापुरता का होईना तिसरा आणून दाखवला, याचा त्यांना अभिमान होता. आणि अभिमान ही चीज बाईंकडे कुंडीत मावेल इतकी कधीच नव्हती.

ही बाजरी कापणीच्या सणाची. नगरकडच्या ख्रिस्ती मंडळीचं वर्ष जानेवारीत सुरू होत नाही, कॅलेंडरवाले काहीही म्हणोत. पावसाळाभर चिखलामुळे निम्मी माणसं देवळात फिरकत नाहीत. शरदात खळी भरली, की सगळे नवे कपडे घालून हजर. पहिलं कणीस वेदीवर, मग बाप्तिस्मे, सोयरिकी, नवी कमिटी, नाताळच्या गाण्यांचा सराव. बाईंनी लग्नानंतर हा सण सामानाबरोबर बांधून सिंगापुरात आणला. रणनवरे साहेब मरीन इंजिनिअर, आयुष्य गोदीत जहाजांच्या पोटात गेलं. ते वारले त्यालाही आता सहा वर्षं झाली. सण मात्र चालू राहिला. एका चिनी मंडळीच्या चर्चचा मागचा हॉल दर रविवारी दुपारी मराठी मंडळीला वापरायला मिळे. तिथे जमणाऱ्यांपैकी कुणाचं शेत तर सोडाच, कुणाच्या बापाने नांगर धरला असेल तर शपथ. पण सणाला सगळे सुपरमार्केटमधून अननस आणि भोपळे घेऊन येत, स्टिकरसकट. आणि सगळ्यांच्या पुढे बाई, हातात बोटभर कणसांची पेंढी घेऊन.

मंडळीतलं त्यांचं राज्य म्हणजे पेटी. पेटी त्यांची, सूर त्यांचा, गाणी कोणती ते त्या ठरवणार. नगरला मिशनच्या शाळेत संगीत शिकवलेलं. ती छडी इमिग्रेशनवाल्यांना दिसली नाही, एवढंच. उपासना ऐन रंगात आलेली असताना त्या पेटीवर पंजा आपटून गाणं थांबवत.

“थांबा! कोण तो उजवीकडून? देवाला कान आहेत.”

निम्मी मंडळी मग नुसते ओठ हलवायची. प्रबोध चक्रनारायण पुण्याहून आयटीत मॅनेजर होऊन आला, मरीन परेडच्या कॉन्डोत राहू लागला. पहिल्याच रविवारी त्याने मोकळा गळा लावला, तेव्हा बाई चारचौघांत म्हणाल्या होत्या, “प्रबोध, तू टाळी वाजव. तीही जरा हळू.” स्वतःची सून अश्लेषा, गळा बरा, हौस दांडगी. तिने दोनदा माइक मागितला. दोन्ही वेळा उत्तर एकच, “अजून तयार नाहीस.” लग्नाला चौदा वर्षं झाली होती तिच्या.

तर अशा बाई. वाईट नव्हत्या. कुणाचं बाळंतपण असो, कामाचा पास नाकारला जाऊन कुणाला परत जायची पाळी येवो, डबा घेऊन पहिल्या पोचणार त्याच. पण रविवारी दुपारी चार ते सहा त्यांच्याशी नातं सांगायची त्यांच्या मुलाचीही छाती नव्हती.

त्या वर्षी प्रबोध मंडळीचा सेक्रेटरी झाला आणि कॉन्डोच्या पोहण्याच्या तलावाशेजारच्या खोलीत कमिटीची बैठक भरली. तिथे ठरलं ते असं: कापणीच्या सणापासून मंडळीचा ‘न्यू सीझन’. उपासना इंग्रजीतून. गिटार, ड्रम, कीबोर्ड, पडद्यावर शब्द. मराठी गीत कधीमधी, प्रसंगाने. म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. पोरंटोरं गाण्यांच्या वेळी बाहेर पायऱ्यांवर मोबाइल घेऊन बसायची, आणि पोरं नाहीत म्हणून हळूहळू आईबापही येईनासे झाले होते. सगळ्यांनी माना डोलावल्या. कमिटीवर बाईंचा मुलगा धवल होता, त्यानेही डोलावली.

मग प्रश्न आला, बाईंना सांगणार कोण? पाण्यात पोहणारी मुलं दिसत होती, सगळे तिकडे बघू लागले. प्रबोधने घसा साफ केला.

“आपण त्यांचा सत्कार करू.”

कमिटीने सुटकेचा असा श्वास टाकला, की तलावावर लाट उठावी. मराठी माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. मराठी माणसाला खुर्चीवरून उठवायचं असेल, तर त्याला दुसरी खुर्ची द्यायची, जरा उंच, फुलं लावलेली. खांद्यावर शाल घालायची, ‘आदरणीय’ म्हणायचं, चार जणांनी भाषणं करायची. माणूस घरी गेल्यावर त्याला कळतं, की आपल्याला घरी पाठवलंय.

प्रबोध मिठाईचा डबा घेऊन सेंगकांगला आला तो शनिवारी संध्याकाळी. धवल नेमका खाली काहीतरी आणायला गेलेला.

“बाई, यंदा कापणीच्या सणाला आम्ही तुमचा सत्कार करायचं ठरवलंय.”

“माझा? कशाला रे उगाच!” हे म्हणेपर्यंत बाईंनी पदर सारखा करून खुर्चीत पाठ ताठ केलीसुद्धा होती.

“इतक्या वर्षांची सेवा आहे तुमची.”

“सेवा कसली डोंबलाची. लोक बेसूर गातात, मला सहन होत नाही, एवढंच.”

“हो, ते... ठाऊक आहे,” प्रबोध म्हणाला. त्याचे कान लाल झाले.

“बरं, त्या दिवशी गाणी कोणती घ्यायची?”

“गाण्यांचं आम्ही बघू, बाई. तुम्ही त्या दिवशी फक्त बसायचं.”

“बसायचं? अरे, मी काय पाहुणी आहे?” बाई मोठ्याने हसल्या. प्रबोधही हसला, जरा उशिरा. आतून अश्लेषा चहा घेऊन आली, तिने कप ठेवले आणि कुणाकडेही न बघता परत आत गेली.

त्या दिवसापासून बाईंच्या पायाला भिंगरी. मजल्यावर एकूण एक दारात बातमी पोचवली. टॅन मावशींना ‘सत्कार’ समजेना, तेव्हा बाईंनी खांद्यावर टॉवेल टाकून करून दाखवला. मावशींनी विचारलं, “यू रिटायर अह?” बाईंना त्यांच्या अडाणीपणाची कीव आली. “नो, नो. ऑनर, ऑनर.”

मजल्यावर सगळ्यांना खरी गोष्ट ठाऊक होती. अश्लेषा कपडे वाळत घालताना फोनवर बहिणीशी बोलायची, गॅलरीत आवाज घुमतो, त्याला कोण काय करणार? फक्त जिची गोष्ट तिलाच ठाऊक नव्हती. बाई आपल्या नव्या साडीचे काठ लोकांना दाखवत हिंडायच्या आणि लोक काठांची तारीफ करायचे.

धवलने सांगायचा प्रयत्न केला नाही असं नाही. पण त्याचा कारखाना जुरोंग आयलंडवर, तिकडची कंपनी बस पहाटेच निघते, आणि संध्याकाळी परत येतो तो माणूस घरात वाद घालण्याच्या लायकीचा उरत नाही. एका रविवारी तो म्हणाला, “आई, जरा बोलायचं होतं.”

“सत्काराच्या भाषणाबद्दल ना? तू करू नकोस. मुलाने आईचं कौतुक केलं की लोक मनात हसतात.”

“नाही, ते नाही...”

“मग जेवून घे आधी.”

तो जेवला. आणि झोपला.

बाईंना सत्काराच्या दिवशी एक जुनं कापणीचं गीत म्हणायचं होतं, त्यांच्या आजोबांच्या खेड्यात खळ्यावर म्हणायचे ते. त्याला तबला हवा. मंडळीत तबला वाजवणारा एकच होऊन गेला, निशिकांत आढाव. बाईंच्या साहेबांबरोबर गोदीत होता, बारा-पंधरा वर्षं त्याने उपासनेत साथ केली. आता सत्तरी ओलांडलेला, मंडळीत यायचा ते नाताळला आणि कुणी गेलं तर. बाई त्याला भेटायला त्याच्या ब्लॉकखालच्या कॉफीशॉपमध्ये गेल्या. निशिकांत कोपी, म्हणजे इथली कॉफी, घेऊन बसला होता, कप बशीवर ठेवताना किणकिण वाजत होता इतका हात थरथरायचा.

“या बाई. आज इकडे कुठे वाट चुकलात?”

“तुला बोलवायला आले. माझा सत्कार आहे कापणीच्या सणाला. तू साथीला बसायचंस. पूर्वीसारखं होऊन जाऊ दे एकदा.”

 निशिकांतला हसू आलं. आधी गालात, मग खोकला येईपर्यंत.

“हसायला काय झालं तुला?”

“कोण करतंय सत्कार? कमिटी?”

“मग काय तू करणार?”

“माझा कुणी केला होता, बाई?”

“आम्हीच की. किती छान झाला होता. शाल मी स्वतः निवडली होती. निळी.”

“निळीच. अजून आहे. नवीकोरी.” निशिकांतने कोपीचा घोट घेतला. “हात कापायला लागला होता माझा, लय सुटायची. तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. मोठेपणा तुमचा. आणि मग एका रविवारी हार, शाल, ‘आदरणीय निशिकांतराव’. लोकांचे डोळे भरून आले. माझेसुद्धा. पुढच्या रविवारी मी आपला तबल्याची पिशवी घेऊन आलो, तर माझ्या जागेवर कीबोर्डवरचा मशीनचा ठेका चालू. आठवतंय?”

बाईंनी पर्स मांडीवर ओढून घेतली.

“तुम्ही मला बघून म्हणालात, ‘अरे निशिकांत, तू आता आरामात बस.’ तर मी तेव्हापासून बसलोय.” त्याने खुर्चीवर थोपटलं. “बरं बसता येतं. सवयीचं काम आहे.”

“तुझी गोष्ट वेगळी होती,” बाई म्हणाल्या.

“असेल. तुमचे हात तर काही कापत नाहीत.” त्याने कप बाजूला सारला. “गाण्यांचं काय म्हणाले? तुम्ही गाणार आहात त्या दिवशी?”

“म्हणाले, तुम्ही फक्त बसा.”

 निशिकांतने समोरच्या स्टॉलवाल्याला हात केला आणि बाईंसाठी एक कोपी मागवली. ती येईपर्यंत बाई उठून गेल्या होत्या.

त्या दिवशी धवल घरी आला, तर आई दिवाणखान्यात ताठ बसलेली. जेवायची ताटं मांडलेली, पण झाकलेली. अश्लेषा स्वयंपाकघराच्या दारात. अदिती, तेरा वर्षांची नात, सोफ्यावर कानात इअरफोन घालून.

“पेटी कुठे ठेवणार आहात?” बाईंनी विचारलं.

धवलने बॅग खाली ठेवली. “आई...”

“मी विचारलं, पेटी कुठे ठेवणार आहात. हॉलमागच्या स्टोअरमध्ये ओल आहे. भाते खराब होतील.”

“घरी आणू.”

“म्हणजे ठरलंय.”

“आई, पोरं येत नाहीत. तू बघतेस ना? पायऱ्यांवर बसतात. अजून दोन-चार वर्षांनी हॉलमध्ये तू, मी आणि ते अननस उरतील.”

“पोरांना शिकवायला नको? मी शिकवायला तयार नव्हते?”

“तू शिकवायचीस कधी? तू थांबवायचीस!” हे बोलली अश्लेषा. तिला स्वतःलाच नवल वाटलं असावं, कारण तिने लगेच ओढणी तोंडाला लावली. पण सुटलेला शब्द कुठे परत येतो? “आई, मी चौदा वर्षं वाट बघितली. एका कडव्यासाठी.”

बाईंनी सुनेकडे पाहिलं, मग नातीकडे. अदितीने एका कानातलं काढलं होतं.

“तू सांग गं. तुला आपली गाणी नको आहेत?”

“आजी, डोन्ट बी लाइक दॅट लाह.” अदितीने आईबापाकडे पाहिलं, मग म्हणाली, “आय लाइक युअर व्हॉइस. बट आय डोन्ट नो व्हॉट यू आर सेइंग. नो वन माय एज नोज.”

यात खोट काढायला जागा नव्हती. खोटं बोलली असती तर बाईंनी तिला फाडून खाल्लं असतं. त्यांनी ताटांवरची झाकणं काढली आणि म्हणाल्या, “जेवा.”

बाई सणाला जाणार नाहीत अशी अख्ख्या मजल्याची खात्री होती. पैज लावणारे लावून बसले. पण त्या रविवारी दुपारी बाई नव्या साडीत, अंबाड्यावर फूल, हातात बाजरीची पेंढी घेऊन लिफ्टपाशी उभ्या. चेहरा असा, की लिफ्टने आपणहून थांबावं. त्यांच्या मनात भाषण तयार होतं. सत्कारमूर्तीला शेवटी दोन शब्द बोलायला देतात, हा रिवाज आहे. त्या दोन शब्दांत प्रबोधची खरडपट्टी काढायची, कमिटीला सगळ्या मंडळीसमोर विचारायचं, की देवाची उपासना ही कंपनी आहे का, सीझन बदलला की माणसं बदलायला? मंडळी आपल्या बाजूने उठेल, याबद्दल त्यांना शंका नव्हती. लोक घाबरतात म्हणजे मान देतात, असा त्यांचा आयुष्यभराचा समज होता.

हॉलमध्ये शिरल्या आणि पहिलं काय दिसलं, तर पानं. कागदाची, नारिंगी, हाताच्या पंजासारखी, कुठल्याशा थंड देशातल्या झाडाची. खांबांवर, माइकवर, पडद्यावर. ‘न्यू सीझन’ अशी अक्षरं. बाहेर अंगाला घामाची आंघोळ, आत कागदी पानगळ. अननस आणि भोपळे होतेच, शिवाय या वर्षी शेवयांच्या डब्यांचा मनोराही रचला होता.

सजावट बघणारी एक नवी मुलगी धावत आली. “आंटी, हे किती क्यूट! डेकोरेशनला ना?” आणि बाई काही म्हणायच्या आत पेंढी त्यांच्या हातातून एका फुलदाणीत आणि फुलदाणी ड्रमच्या मागे गेली. बाईंनी हात पुढे केला होता तो तसाच राहिला, मग त्यांनी त्याच हाताने चष्मा सारखा केला.

सत्काराची खुर्ची उंच होती, पाठीला तीच पानं चिकटवलेली. बाईंना बसवलं. भाषणं झाली. पहिला म्हणाला, बाई म्हणजे मंडळीचा कणा. दुसरी म्हणाली, बाई म्हणजे मंडळीची आई. तिसऱ्याला उपमा सापडेना, तो रडलाच. प्रबोध इंग्रजीतून बोलला, “एव्हरी सीझन हॅज इट्स सर्व्हंट,” आणि मखमली शाल बाईंच्या खांद्यावर घातली. टाळ्या कितीतरी वेळ वाजत राहिल्या. मग त्याने अदबीने माइक पुढे केला. “बाई, दोन शब्द.”

बाई उभ्या राहिल्या. 

“माझा सत्कार केलात. बरं झालं. मी अजून मेलेले नाही, हे आधी सांगते.”

हॉलभर हशा. टाळ्या.

बाई गडबडल्या. “हसू नका. मला पेटीवरून उठवण्यासाठी तुम्ही मला या खुर्चीत बसवलंत. कळतं मला.”

पुन्हा हशा, आधीपेक्षा मोठा. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, “काय स्पष्टवक्त्या आहेत ना? हेच मिस करणार आपण.”

“प्रबोध, हे सगळं तुझं डोकं. मी तुला टाळी हळू वाजव म्हटलं होतं, त्याचा सूड आहे हा!”

प्रबोधने दोन्ही हात जोडले आणि हसत मान खाली घातली. लोकांनी तर शिट्ट्या मारल्या. मोबाइल वर झाले. तिथे उभ्या उभ्या बाईंना एक गोष्ट समजली, ती बहुधा जगातल्या सगळ्या सत्कारमूर्तींना खुर्चीवर बसल्यावरच समजते. शाल घातलेल्या माणसाने शिवी दिली, तरी ती आशीर्वादात जमा होते. त्याच्या हातून आता कुणाला काही लागू शकत नाही. भांडायलासुद्धा माणूस कामावर असावा लागतो.

शब्द संपले, तेव्हा त्यांना एकच गोष्ट येत होती ती त्यांनी केली. पेटी नाही, तबला नाही. डोळे मिटून खळ्यावरचं गीत सुरू केलं. पहिली ओळ एकटीने. दुसऱ्या ओळीला मागून कुणीतरी उचललं. मग रांगाच्या रांगा उभ्या राहिल्या. ओठ हलवणारे गळा सोडून गाऊ लागले. प्रबोध गात होता, कमालीचा बेसूर, आणि त्याच्या डोळ्यांतून खरंखुरं पाणी वाहत होतं. अश्लेषा गात होती, बाईंच्या सुराच्या वरच्या अंगाने, अगदी बरोबर. पायऱ्यांवरची पोरं दारात येऊन चित्रफिती काढत होती. बाईंनी त्या दिवशी कुणालाच थांबवलं नाही. गीत संपलं तेव्हा हॉलमध्ये एकही डोळा कोरडा नव्हता. बाईंना गळामिठी घालायला रांग लागली.

मग ड्रमवाल्याने काड्या वाजवून चार मोजले आणि न्यू सीझन सुरू झाला.

तरी बाईंना वाटलं, आपण जिंकलो. वाटणारच. एवढी माणसं रडताना बघितल्यावर कुणालाही वाटेल. सोमवारी सकाळीच त्यांनी मंडळीच्या ग्रुपवर टाकलं: ‘नाताळच्या मराठी गाण्यांचा सराव येत्या शनिवारी पाच वाजता, माझ्या घरी. वेळेवर या.’ उत्तरांचा पाऊस. जोडलेले हात, बदाम, फुलं, ‘प्रभूची स्तुती असो’, ‘बाई यू रॉक’. बाई दिवसभर फोन हातात घेऊन मोजत बसल्या.

शनिवारी त्यांनी मोठ्या पातेल्यात पोहे केले. पेटी परत घरी आली होती, ती पुसून मधोमध ठेवली, भोवती सतरंज्या. दार सताड उघडं. पाच वाजले. लिफ्ट थांबली की बाई मान वर करत. लिफ्टमधून टॅन मावशी निघाल्या, मग मलय कुटुंबातली मुलं, मग पार्सलवाला. साडेपाचला निशिकांत आला. तबला न घेता, निळी शाल खांद्यावर टाकून. त्या उकाड्यात!

“हे काय रे सोंग?” बाई कडाडल्या.

“म्हटलं, माजी सत्कारमूर्तींची बैठक आहे, तर गणवेशात जावं.”

बाईंना हसू आलं नाही. निशिकांतने पोहे मागून घेतले, दोनदा. जाताना दारात म्हणाला, “मीठ बरोबर होतं.” मग धवल आणि अश्लेषाने खाल्ले. मग टॅन मावशींकडे गेले, मलयांकडे गेले, मजल्यावर ज्याने दार उघडलं त्याच्याकडे गेले. पोहे फार चविष्ट होते आणि देताना बाई कुणाच्या तोंडाकडे बघत नव्हत्या. टॅन मावशींनी पोह्यांची वाटी घेतली आणि काही विचारलं नाही, हे त्यांचं मोठेपण.

त्यानंतरचे रविवार बाई मंडळीत गेल्या नाहीत. दुपारी तीन वाजता तयार मात्र व्हायच्या. साडी, फूल, पर्स. धवल विचारायचा, “आई, येतेस ना?” त्या म्हणायच्या, “तुम्ही व्हा पुढे.” अश्लेषा आता बँडमध्ये उभी राहून गायची. ती घरी सराव करू लागली, की बाई आपल्या खोलीचं दार लोटून घ्यायच्या, पण पूर्ण नाही. एकदा आतून आवाज आला, “तिसऱ्या ओळीला श्वास चुकीच्या जागी घेतेस.” अश्लेषा थांबली. मग तिने इअरफोन लावले.

पहिल्या दोन आठवड्यांत फोन आले, बाई, तब्येत बरी ना? मग तेही बंद झाले. कुणाचा राग होता असं नाही. सत्कार झालेला होता, म्हणजे हिशोब मिटलेला होता.

नोव्हेंबरच्या अखेरीस प्रबोधचा फोन आला. बाई गॅलरीतल्या रिकाम्या कुंड्यांतली माती उकरत होत्या. फोन त्यांनी स्पीकरवर टाकून कठड्यावर ठेवला. त्यामुळे मजल्यावर कुणाला कान टवकारायचेही कष्ट पडले नाहीत.

“बाई, सलाम. कशा आहात?”

“बोल.”

“नाताळच्या आदल्या आठवड्यात चर्चची इंटरनॅशनल नाइट आहे. चिनी मंडळी, तमिळ मंडळी, फिलिपिनो, सगळे एकेक आयटेम करणार. म्हटलं, मराठी आयटेम बाईंशिवाय कुणाचा?”

बाईंनी खुरपं खाली ठेवलं नाही.

“चार मिनिटं आहेत आपल्याला.”

“चार.”

“बँडला सामान लावायला वेळ लागतो ना. आणि एक विनंती होती. नऊवारी नेसाल का? नथ वगैरे. लोकांना कल्चर दिसायला हवं.”

रणनवऱ्यांच्या संजीवनीबाईंनी जन्मात नऊवारी नेसली नव्हती. त्यांची आईसुद्धा मिशनच्या बोर्डिंगमध्ये पाचवारीवर वाढलेली. नथीला तर त्यांच्या घरात नाकच नव्हतं. ऐकणाऱ्यांनी श्वास रोखला. आता फोन अकराव्या मजल्यावरून खाली जाणार, खाली कुणी उभं असेल तर बाजूला व्हा!

“बाई? ऐकताय ना?”

“पेटी घेऊ द्याल?” बाईंनी विचारलं.

“छोटी असेल तर चालेल.”

“साथीला अश्लेषा उभी राहील. तिला एक कडवं देईन.”

“अं... अश्लेषा नंतर लगेच बँडमध्ये आहे, बाई. तिला बदलायला वेळ मिळणार नाही. तुम्ही एकट्याच करा. सोलोच बरं दिसेल.”

बाईंनी खुरपं मातीत रोवलं.

“नेसते नऊवारी,” बाई म्हणाल्या.

प्रबोधने देवाचे आणि बाईंचे आभार मानले आणि फोन ठेवला. बाई आत गेल्या. थोड्या वेळाने पेटीचा आवाज आला. तेच खळ्यावरचं गीत, पाच कडव्यांचं. म्हणून झालं, की मोबाइलवरचं घड्याळ बघायच्या. पहिल्यांदा बारा मिनिटांच्या वर गेलं. त्यांनी लय वाढवली, तरी दहा. मग पेरणीचं कडवं गाळलं. मग पावसाचं. राहिली तीन, तरी घड्याळ पुढेच. आता प्रश्न होता, राखणीचं कडवं ठेवायचं की उपकारस्तुतीचं. मजल्यावरच्यांना वाटलं, कापणीच्या गाण्यातून उपकार कसे काढतील? बाईंनी दोन्ही म्हणून पाहिली, पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या क्रमाने.

शेवटी उपकारांचं काढलं. गाणं बरोबर चार मिनिटांत बसलं.